पट्टीचं पाणी

सरकार लोकांच्या भल्यासाठी काही करतंय असं कुणी सांगितलं की माझा हात आधी कनवटीला जातो. आजही जातो. लोक मला संशयी म्हणतात, म्हणोत बापडे. निजामाच्या राज्यात आमच्या परभणी जिल्ह्यात ज्यानं शेतसारा भरला आणि तरीही जो संशयी झाला नाही, त्याच्या डोक्यात काहीतरी कमी असणार.

साऱ्याच्या जोडीला आमच्याकडून लोकलफंड म्हणून वेगळे पैसे घेत. कशाला, तर रस्त्याला, शाळेला, दवाखान्याला. पोखर्णीकडून निघून आमच्या गावावरून गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, जाणारा एक रस्ता होणार होता. माझ्या लहानपणी त्याच्यासाठी गावाबाहेर खडीचा ढीग आणून टाकला. त्या ढिगावर मी घसरगुंडी खेळलो, मला मिसरूड फुटली, माझं लग्न झालं, तरी ढीग तिथंच. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली की आम्ही त्या ढिगाकडं बघून शिव्या द्यायचो. शेवटी लोकांनी ती खडी घरांच्या पायात भरली. मीही चार टोपली आणली. पैसा आमचाच होता, मग लाज कसली?

आणि साहेब दौऱ्यावर आला की वेगळंच. गाडीबैल वेठीला, गवताचा भारा, दूध, कोंबडी, सगळं हक्कानं उचलून नेत. विचारायची सोय नाही. तेव्हा कुणी तुमच्यासाठी म्हणून काही मागायला लागलं की ते नक्की कुणासाठी आहे हे मी आधी बघायला शिकलो. ह्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. चुकलं ते दुसरीकडं, आणि तेच मला सांगायचंय.

आमची एक विहीर होती, गावाला अगदी लागून. माझ्या बापानं खांदलेली, दगडानं बांधलेली, पार पाण्यापर्यंत पायऱ्या केलेली. पावसाळ्यानंतर चार पायऱ्या उतरलं की पाणी लागायचं, उन्हाळ्यात वीसेक. बाया उतरायच्या, पोटरीएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि वर यायच्या. गावात दुसरं गोडं पाणी नव्हतं. बापानं त्या पाण्याची दमडी कुणाकडून घेतली नाही, मीही घेतली नाही. ह्याचा मला लय ताठा होता. रस्त्यावर उभा राहून मी बायांची ये-जा बघायचो आणि मनात म्हणायचो, सरकारला जमलं नाही ते आमच्या घरानं केलं.

नारू म्हणजे काय हे आताच्या माणसाला सांगावं लागतं. पायाला एक फोड यायचा आणि त्याची अशी आग व्हायची की धडधाकट गडी लेकरासारखा रडायचा. फोड फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. चांगला हातभर लांब. त्याला काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचं, तुटू द्यायचा नाही. महिना-दीड महिना माणूस खाटेवर. त्या आगीला एकच उतारा, पाय गार पाण्यात सोडून बसायचं. आणि उन्हाळ्यात गार पाणी कुठं, तर आमच्या शेवटच्या पायरीवर. तिथं कुणी ना कुणी पाय सोडून बसलेलं असायचंच. बापानं बजावून ठेवलं होतं की नारूवाल्याला उठवायचं नाही. ते आम्हाला पुण्याचं काम वाटायचं. बाया त्याच्या शेजारी घागरी भरायच्या, पाय कसा आहे म्हणून विचारायच्या आणि घरी जायच्या.

एका साली चैत्रात माली पाटलानं गावाला चावडीवर बोलावलं. माल म्हणजे सारा, त्याचा वसूल गोळा करणारा तो, आम्हाला तो सरकारचाच हात वाटायचा. त्याच्याशेजारी पोरांना देवी टोचायला येणारा माणूस बसला होता. तो डॉक्टर होता की नव्हता देव जाणे, पण आम्ही त्याला डॉक्टर म्हणायचो आणि तो आला की पोरं कणगीत लपवायचो. त्या दिवशी त्याच्या हातात काचेचा गिलास होता.

"देखो," तो म्हणाला, "ह्या पाण्यात बारीक ठिपके उड्या मारायलेत. दिसतात का? नारूवाला पाय पाण्यात घालतो, त्याच्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात येतात, हे किडे ती खातात. तुमी हे पाणी पिता. पूरे एक साल के बाद तुमच्या पायातून नारू निघतो."

पाटलानं कागद वाचला. हुकूम असा की आमच्या विहिरीच्या पायऱ्या दगड-चुन्यानं बुजवायच्या, वर छातीएवढा कठडा बांधायचा, चार रहाट बसवायचे, आणि पाणी वरूनच दोरानं शेंदायचं. विहीर कागदोपत्री गावाची म्हणून लागणार. खर्च दर घराची पट्टी करून, ज्याची शेती जास्त त्याची पट्टी जास्त. न देणाऱ्याकडून वसूल करायचा अधिकार पाटलाला.

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो.

"पाटील, ती विहीर माझ्या बापाची हाय. आजवर कुणाला अडवलं का आमी? मी जे फुकट द्यायलोय, तेच तुमी माझ्याकडून पैसे घेऊन मलाच देणार? माझ्याच पैशानं माझ्याच पायऱ्या बुजवणार? ज्याला बुजवायच्या त्यानं खुशीनं द्यावं की! जबरीनं काढून घेतलं त्याला धर्म म्हणत न्हाईत, जुलूम म्हणतेत. आज पायऱ्यांवर पट्टी बसवा, उद्या चुलीवर बसवा. कुठं हागायला बसायचं त्याचाबी हुकूम काढा एखादा!"

चावडी हसायला लागली. मग कुणीतरी मागून म्हणालं, ते किडे त्यानं गिलासात घरूनच आणले असतील. दुसरा म्हणाला, एकदा रहाट बसला की घागरीमागं पैसा घ्यायला चपराशी बसवतील. तिसऱ्यानं खडीच्या ढिगाची आठवण काढली. डॉक्टर गिलास घेऊन एकेकापुढं फिरत होता, पण त्यात कुणी बघेना. मी पण नीट बघितलं नाही. मला बोलायची नशा चढली होती. एकही घर पट्टी द्यायला तयार झालं नाही आणि पाटलानं कागद घडी करून बंडीच्या खिशात टाकला. खरं तर त्यालाही कटकट नकोच होती.

मी घरी आलो तो छाती फुगवून. बायको भाकरी थापत होती. तिला अख्खं भाषण पुन्हा करून दाखवलं.

माझ्या बायकोची ओळख सांगायची तर ती चाड्यावरची बाई. पेरणीत तिफणीच्या मागं चालत चाड्यात मुठीनं बी सोडायचं काम तिचं. हे काम सगळ्यांना जमत नाही. मूठ सैल झाली की बी एकाच जागी दाट पडतं, आवळली की ओळीत नांगे, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात. ही बाई दिवसभर बैलांच्या चालीनं चालायची आणि बी सारखं सोडायची. तिच्या हातची पेर उगवली की लोक बांधावर उभे राहून बघायचे. ती पालमकडची, आणि तिची मूठ आमच्या गावाला मिळाली ह्याचा तिकडच्या लोकांना अजून हेवा होता. पेरणीच्या दिवसांत चार वावरांचे मालक तिला आधीपासून सांगून ठेवायचे. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते मी दागिन्यांनीही कधी आणू शकलो नाही.

तिनं माझं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पट्टी दिली असती तर काय झालं असतं?"

"अगं, जबरी हाय ती!"

"हाय की. पण तुमचं फुकटबी कुठं फुकट हाय? गावकुसाबाहेरच्या बाया वर काठावर उभ्या राहत्यात. कुणी वर आणून त्यांच्या घागरीत ओतंल तवा त्यांना पाणी. तास-तास उभ्या असत्यात. त्यांनी काय म्हणायचं? तुमची मर्जी हाय तवर पाणी. उद्या तुमचं कुणाशी वाकडं आलं तर त्याची घागर रिकामी. पट्टी दिलेल्या माणसाला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

"मी कवा कुणाची घागर रिकामी ठेवली?"

"न्हाई ठेवली. पण ठेवू शकता, हे सगळ्यांला ठावं हाय. म्हणून तर सगळे तुमच्या बोलण्यावर हसले."

मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला, कारण चावडीवरचं ते हसणं मला माझं वाटलं होतं आणि तिनं ते विहिरीच्या नावावर टाकलं. मी भाकरी अर्धी टाकून उठलो. तिनं समजूत काढली नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या वावरात मेंढरं बसवलेली होती. लेंडीखतासाठी आम्ही दरसाल मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याचा कळप वावरात मुक्कामाला ठेवायचो. त्या म्हाताऱ्याला नारू झाला. ज्याचं सगळं पोट चालण्यावर, त्याला बसून राहावं लागलं. तो रोज येऊन शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसायचा आणि माझ्या बापाला दुवा द्यायचा. मी मुद्दाम पाटलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "बसा मामा, ही विहीर अजून आपलीच हाय." माझी बायको त्याच्या शेजारी उभी राहून घागर भरायची.

पुढच्या साली वैशाखात तिच्या घोट्याच्या वर फोड आला.

तुम्हाला वाटेल मला लगेच उमगलं असेल. छे! माझा पहिला संशय पाटलावर गेला. मी त्याला चावडीवर खाली बघायला लावलं होतं, त्यानं कुणाकडून तरी करणी केली असणार. मी मांत्रिकाकडं जाऊन आलो. त्यानं लिंबू कापलं आणि दक्षिणेकडच्या घरावर बोट दाखवलं. पाटलाचं घर दक्षिणेलाच होतं. झालं, मला पुरावा मिळाला.

बायको तळमळत होती. "पाय जळायलाय, मला पाण्यात बसवा," एवढंच म्हणत होती. मी तिला पाठुंगळी घेतली आणि आमच्या विहिरीत उतरलो. वीस पायऱ्या. शेवटच्या पायरीवर तिला बसवलं आणि तिचा पाय माझ्या हातानं धरून पाण्यात सोडला. तिनं सुटकेचा श्वास टाकला तो मला आजही ऐकू येतो. फोड तिथंच फुटला. दुधासारखं काहीतरी पांढरं पाण्यात आलं आणि विरून गेलं. आसपास तीन-चार बाया घागरी भरत होत्या. माझ्या चुलत भावाची विधवा बायको होती, तिची नऊ-दहा वर्षांची पोरगी होती. पोरीनं ओंजळीनं माझ्या बायकोच्या पायावर पाणी टाकलं, "काकू, थंड वाटलं का?" म्हणून विचारलं, आणि तिथंच आपली कळशी बुडवून भरली. पुढं पंधरा दिवस मी बायकोला रोज तिथं नेऊन बसवलं. बाया माझं कौतुक करायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणायच्या.

मृग जवळ आला. चार वावरांचे निरोप येऊन पडले होते. काडीवर नारू अर्धाच गुंडाळला होता आणि तिला धीर धरवेना. "पेरणी निघून जाईल," म्हणत तिनं एका दुपारी, मी घरी नसताना, तो ओढला. तुटला. तुटलेला नारू आत राहिला की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला, पू झाला. जीव वाचला, पण गुडघा आखडला तो आखडलाच. ती पुन्हा सरळ चालली नाही. त्या साली माझ्या वावरात मूठ दुसऱ्याच बाईनं धरली. माझी बायको बांधावर पाय पसरून बसली होती, तिफणीकडं बघत होती. दुपारी तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि मी बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं तिकडून निघून गेलो. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

देवी टोचणारा त्यानंतर आला. ह्या वेळी मीच त्याच्याकडं गेलो, भांडायला. त्यानं बायकोचा पाय बघितला, कधी सुरू झालं ते विचारलं, आणि पाय कुठं बुडवला ते विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही, रागावला नाही. बोटावर महिने मोजले.

"गेल्या साली तिनं पाणी प्यायलं तवा तिच्या शेजारी कोण बसलं होतं?"

मेंढरांचा म्हातारा. मला ते म्हणावं लागलं नाही, बायकोच म्हणाली.

"मग ह्या साली तिच्या शेजारी कोण कोण होतं, ते पुढल्या साली कळंल," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

एक अख्खं साल! बी टाकून झालं होतं, आता नुसतं उगवायची वाट बघायची. आणि टाकलं कुणी, तर मी. पाटलानं नाही, सरकारनं नाही. ज्या विहिरीचा मला ताठा होता, तिच्या पायरीवर, माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत लोकांनी त्या उचलून फेकल्या. "बापानं दिलेलं पाणी पोरगं अडवायलंय," अशी बोंब झाली. मी काठी घेऊन पायरीवर उभा राहिलो. दोघा-तिघांशी हातघाई झाली. बायको लंगडत आली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुमी एकट्यानं दिलेलं तुमी एकट्यानं बंद केलं, तर लोकं कामून ऐकतील? जावा पाटलाकडं. पट्टी गोळा करा."

मी गेलो. पाटलानं जुना कागद काढला, मला समोर उभं ठेवून सावकाश सुपारी कातरली आणि म्हणाला, "आता लोकांला तू सांग."

मी सांगितलं. त्याच चावडीवर. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. लोक माझ्याकडं डोळे बारीक करून बघत होते. काल जुलूम म्हणणारा आज पट्टी मागायलाय, म्हणजे ह्यात ह्याचं काहीतरी नक्की आहे. एकजण म्हणाला, कठड्याच्या दगडाचं काम ह्यानंच घेतलं असणार. दुसरा म्हणाला, विहीर सरकारला देऊन ह्यानं साऱ्यात सूट घेतली. मी बायकोचा पाय दाखवला. "तो करणीनं झाला म्हणून तूच सांगत होतास की," असं उत्तर आलं. माझीच विद्या माझ्यावर उलटली.

मग जबरी केली. सरळ सांगतो, जबरीच. पाटील, त्याचा माणूस आणि मी, आम्ही दारोदार फिरलो. कुणाकडं नगद नसेल तर ज्वारी घेतली. माझ्या चुलत भावाच्या विधवेनं दार अडवलं. "मी बाई माणूस, घरात गडी न्हाई, माझ्याकडून काय घेता? मला रहाट नगं, मला पायऱ्या बऱ्या हायत," म्हणाली. तिच्या म्हणण्यात काय खोटं होतं? पाटलाचा माणूस आत शिरायला कचरला, तिच्या घरात मी शिरलो आणि तिची तांब्याची घागर उचलून बाहेर आणली. ती भरली की दोन वेळचं पाणी व्हायचं त्या घरात. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याच्याकडून घ्यायचा हक्क कुणाला आहे, तर मी काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. आजही माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की त्या पोरीनं पायरीवर कळशी भरली तेव्हा मी शेजारी होतो, आणि पुन्हा कुणी तशी भरू नये.

काम झालं. पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट बसले. कठडा छातीएवढा ठरला होता, तो कमरेच्या जरासा वर आला. बाकीचा दगड पाटलाच्या गोठ्यात दिसला. बघा, संशय घ्यायची माझी सवय वाया गेलेली नाही. आणि आणखी एक. गावकुसाबाहेरच्या घरांकडूनही पट्टी बरोबर वसूल केली, पण त्यांच्या हातात दोर काही दिला नाही. बायको कठड्यापाशी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "पट्टी घेताना इटाळ झाला न्हाई, मग दोराला कसा होतो?" बाया पुन्हा दोर ओढायला लागल्या. घागर उचलायला मी पुढं होतो, तिथं मात्र गप्प बसलो. ह्याची लाज मला सगळ्यात जास्त आहे.

होळी झाली, चैत्र आला. गाव त्या विहिरीच्या पाण्याला पट्टीचं पाणी म्हणायला लागलं. बायांचे तळहात दोरानं सोलवटायचे आणि त्या माझ्या नावानं बोटं मोडायच्या. मी दिवस मोजत होतो. वैशाखाच्या सुरुवातीला पहिला फोड आला, मग दुसरा, तिसरा. अकरा माणसं नारूनं खाटेवर बसली. मी एकेकाचं नाव ऐकायचो आणि पायरीवर कोण कुठं उभं होतं ते मला दिसायचं.

आणि गावानं काय धरलं? पायऱ्या बुजवल्या म्हणून विहिरीतल्या आसरा कोपल्या. पाण्याचं दैवत ते, त्यांची जायची-यायची वाट आम्ही चुन्यानं बंद केली! पायऱ्या होत्या तेव्हा कुणाकुणाला नारू व्हायचा, पट्टी दिली आणि एकदम अकरा. हिशेब सरळ होता. लोक पट्टीचं पाणी सोडून अर्ध्या कोसावर नदीच्या वाळूत झिरे उकरून पाणी आणायला लागले. मी ओरडून सांगायचो की हे आधीच्या सालचं आहे, बुजवण्याच्या आधीचं. सालभरापूर्वीच्या पाण्यानं आज नारू होतो, हे कोण ऐकणार? मी तरी ऐकलं होतं का?

अकरावी ती पोरगी होती.

तिची आई माझ्या दारात आली. घागर उचलली तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, तुमची विहीर हाय. तेवढ्या पायऱ्या उघडा. पोरगी तडफडायलीय. तिला पाय बुडवू द्या, मग पुन्हा बुजवा."

मी म्हणालो, "वैनी, न्हाई उघडता येत. तिला झालं ते आमच्यामुळं झालं. त्या दिवशी तुमच्या जावेचा पाय मी पाण्यात सोडला, आणि पोरीनं तिथंच कळशी भरली. पट्टीनं न्हाई झालं. माझ्यामुळं झालं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, दगड उचलेल. मी तयार होतो. उलट बरं वाटलं असतं.

"पाटलानं किती दिलं तुमाला?" तिनं विचारलं.

"कशाचं?"

"हे बोलायचं."

आणि ती गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. एवढ्या वर्षांत मी एकदाच कुणासमोर उघडं खरं बोललो होतो.

बायको आतून ऐकत होती. तिनं बादली घेतली आणि आखडलेला पाय ओढत विहिरीवर गेली. रहाटावरून स्वतः पाणी शेंदलं, मला हात लावू दिला नाही. भरलेली बादली घेऊन, चार पावलांवर थांबत, ती त्या घराच्या अंगणात गेली. मी मागून जाऊन कुडापाशी उभा राहिलो.

पोरगी खाटेवर होती, पाय खाली सोडलेला, ओठ चावलेले. बायको जमिनीवर बसली, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडायला लागली. खाली कोरडी माती होती, पाणी तिथल्या तिथं जिरत होतं. पोरीनं डोळे मिटले. पहिल्यांदाच तिच्या छातीतून मोकळा श्वास निघाला. तिची आई दारात उभी राहून बघत होती.

दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. मग पोरीनं डोळे उघडले.

"काकू, हे झिऱ्याचं पाणी हाय ना?"

माझी बायको खोटं बोलत नाही. मी कुडाबाहेरून मनातल्या मनात तिला विनवत होतो, एकदा बोल, एवढ्या एका वेळी बोल.

"रहाटाचं हाय, बाई," ती म्हणाली.

पोरीनं पाय गपकन मागं ओढला, लुगड्याच्या चिंधीनं खसाखसा पुसला आणि आईला हाक मारून रडायला लागली.